रुमालातली बॅटरी

हे लिहू की नको, यात बरेच दिवस गेले. आमच्या घरात अंगारा नाही, नवस नाही, कुणाच्या अंगात येणं नाही. वडिलांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं उंबऱ्याबाहेर काढलं. मी स्वतः भिंगारच्या शाळेत पोरांना विज्ञान शिकवायची. तारेशिवाय वीज वाहत नाही, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! तरी जे घडलं ते घडलं तसं सांगते. कुणाला हसू आलं तर हसू दे, मीही आधी हसलेच होते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्या उपासक मंडळाची नऊ दिवसांची श्रीलंकेची यात्रा ठरली आणि माझा पाय निघेना. आईचं पोट अधूनमधून दुखायचं, वय अठ्ठ्याहत्तर. पण तिनंच मागं लागून पाठवलं. "मी जिती हाय तवर जाऊन ये. माज्या वाटचं फूल बोधिवृक्षाला वाहा," म्हणाली. भाऊ तिच्याजवळ होता, घरात साधा फोन होता. पण आम्ही रोज नव्या गावाला मुक्काम करणार, मला गाठायचं कुठं? शेवटी पुण्याच्या भाच्यानं आपला मोबाईल दिला. तो कंपनीच्या कामानं बाहेरदेशी जायचा, त्यामुळं फोन तिकडंही चालत होता. त्यानं बजावलं, "मावशी, बॅटरी जुनी आहे, भरली की दोन दिवस टिकते. बंद ठेवलीस तरी आपोआप उतरते, फार फार तर चार. चार्जर विसरू नकोस."

आणि मी नेमका तोच विसरले. बाहेरच्या खोलीत बुद्धमूर्तीच्या फळीजवळ एकच चालू प्लग होता. तिथं रात्रभर फोन लावला, पहाटेच्या घाईत फोन उचलला आणि चार्जर तिथंच लोंबकळत राहिला. कोलंबोत बॅग उघडली आणि कपाळावर हात मारून घेतला. दोन-तीन दुकानं फिरले, पण त्या बनावटीच्या फोनला तिथलं एकही टोक बसेना. उरल्या पडद्यावरच्या चार काड्या, आणि नऊ दिवस.

मग मी कंजूष झाले. भावाला सांगितलं, रोज आपल्याकडच्या बाराला फोन कर, पाव तासच चालू ठेवीन. लंकेचं घड्याळ तेव्हा आपल्यापेक्षा अर्धा तास पुढं होतं. बोलणं दोन वाक्यांचं. "आई बरी आहे." "बरं, ठेव." लगेच फोन बंद करायचा, बॅटरी काढून रुमालात गुंडाळायची आणि उशाखाली ठेवायची. तरी तिसऱ्या दिवशी एकच काडी उरली. देवळाली प्रवऱ्याच्या शेवंताबाई माझ्या खोलीत होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, आता ह्यो डबा उद्या बोलनार न्हाई बगा." मलाही तसंच वाटत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी साडेसातच्या सुमारास अंथरूण आवरताना रुमाल हाताला लागला, तो कोमट. उशाची ऊब असेल म्हणून मी सोडून दिलं. दुपारी बॅटरी घातली, फोन सुरू झाला, काडी एकच, पण होती. पाचव्या दिवशी मुद्दाम रुमाल रात्री खिडकीतल्या दगडी कट्ट्यावर ठेवला. बाहेर पावसाळी गारठा होता, दगड बर्फासारखा गार. साडेसातला हात लावला आणि दचकून मागं घेतला. आत काहीतरी जिवंत असावं तशी ऊब. पाहतापाहता ती वाढली, दहाएक मिनिटं राहिली आणि ओसरली. शेवंताबाईंना हात लावायला सांगितलं. "अगं माय! बॅटरीला ताप आलाय का काय?" त्या बोलल्या खऱ्या, पण लगेच हात पुसून लांब जाऊन बसल्या. त्या दिवशीही फोन लागला, काडी तेवढीच. मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगते, मला भीती वाटली. त्या रुमालाकडं पाठ करून बसायचं धाडस होईना.

सहाव्या दिवशी आम्ही अनुराधापूरला होतो. साडेसात वाजले, मी रुमाल हातात धरून बसले. पावणेआठ झाले. आठ झाले. बॅटरी गारच. कालपर्यंत त्या उबेला भिणारी मी, आता ती येईना म्हणून रुमाल पुन्हापुन्हा चाचपू लागले. का, ते सांगता येत नव्हतं.

बोधिवृक्षाच्या वाटेवर तपासणी होती. शिपायानं फोन आणि बॅटरी वेगवेगळे पाहून परत दिले. आत पांढऱ्या कपड्यांतली शेकडो माणसं बसली होती, तरी पानांची सळसळ ऐकू यावी इतकी शांतता. आईच्या वाटचं फूल ठेवलं आणि उभ्याउभ्या मला रडू फुटलं. तीन दिवस मी ती एक काडी मुठीत धरून बसले होते. वाटलं, पुरे आता हे राखणं, जायची ती जाऊ दे. वेळ नव्हती, काळ नव्हता, लंकेतले साडेनऊ वाजले होते. मी बाहेर येऊन बॅटरी घातली, फोन चालू केला आणि चालूच ठेवला.

पाच मिनिटांत वाजला. भाऊ होता, आवाज फाटलेला. "ताई! तू चालू ठेवलास? मी नुसता आशेवर लावत होतो गं!" पहाटे आईचं पोट असह्य दुखलं होतं, तिला नगरला दवाखान्यात नेलं होतं. आतड्याला पीळ बसलाय, लगेच ऑपरेशन करा, दुपारपर्यंत थांबलात तर हाती काही राहणार नाही, असं डॉक्टर सांगत होते. आणि आई अंगठा द्यायला तयार नव्हती. "थोरलीला इचारल्याबिगर न्हाई," हा एकच धोशा. भावानं डॉक्टरांच्या टेबलावरचा फोन तिच्या कानाला लावला.

"आई, करून घे. मी येतेच आहे."

"तुजं फूल वाहून झालं?"

"तुझं वाहिलं, आई."

"मंग घेते करून," ती म्हणाली, आणि फोन विझला. त्यानंतर तो सुरू झालाच नाही. संध्याकाळी मुक्कामाच्या गावातून बाहेरच्या फोनवरून भावाला गाठलं, तेव्हा कळलं की आई वाचली.

भिंगारला परतले तेव्हा आई दवाखान्यातच होती. घरात शिरताच चार्जर दिसला, मूर्तीशेजारी तसाच लोंबत होता. मी म्हटलं, "निदान काढून तरी ठेवायचास." भाऊ हसला. "काढू देते का ती? तू सांगितलंस तेव्हाच आम्हाला कळलं ना, चार्जर राहिला म्हणून. तेव्हापासून रोज सकाळी सातला वंदना झाली की बटन लावायची, दहा मिनिटांनी बंद करायची. म्हणायची, तेवढीच तिकडं पोचंल. मी डोकं आपटून सांगितलं, आई, फोन लंकेत आहे! ऐकेल तर शपथ."

मी पिशवी खाली ठेवली. मग विचारलं, "ऑपरेशनच्या दिवशी?"

"त्या दिवशी कुठली वंदना? पहाटे पाचलाच नेली तिला."

भावाला मी उबेचं काही सांगितलं नाही. आजही कुणापुढं काही सिद्ध करायचं नाही. मुलांना तोच पाठ शिकवत राहिले, तारेशिवाय वीज वाहत नाही. फक्त माझ्या राखण्यानं ते नऊ दिवस निभणार होते, हा माझा ताठा गेला. मी मोजत होते, आणि कुणीतरी न मोजता देत होतं. त्या करुणेला दुसरं नाव देता येत नाही. रोज वंदनेला बसले की आधी तिचे उपकार आठवते.

परतले त्याच दिवशी दवाखान्यात आईला विचारलंच, "फोन घरात नव्हता, मग बटन कशाला लावायचीस गं?"

ती माझ्याकडं बघत राहिली, जणू चौथीतल्या पोरानं सोपं गणित चुकवलंय. "तुला लागनार हुतं न्हवं?" म्हणाली, आणि हात पुढं केला. मी तो दोन्ही हातांत धरला. ती ऊब मी लगेच ओळखली.