आर्मेनियाचा राजा आणि आमचे दादा

आमच्या घरात थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, अशी रीत. मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची, पण शुक्रवार पेठेतल्या घरी आलं की चौकटीआडून बोलायचं. मला त्याचा भयंकर राग यायचा. दादांचे, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचे, डोळे गेले आणि ही रीत आपोआप सुटली. ज्यांना दिसतच नाही त्यांच्यासमोर कसला पदर? मी दुपारी खुशाल मोकळ्या डोक्यानं त्यांच्यापुढं बसू लागले.

डोळे कसे गेले तेही सांगते. नणंदेचं लग्न जुळवायला दादा विजापूरला जाऊन राहिले होते. तेवढ्यात आमचे हे चादरींच्या दुकानात त्यांच्या गादीवर बसले. दादा परतले ते लाल, सुजलेले डोळे घेऊन. मी म्हटलं, डॉक्टरकडं न्या. हे म्हणाले, वैदूचे थेंब पुरे. आणि थेंब यांनीच आपल्या हातानं घातले. दोन्ही बुबुळं पांढरी झाली. हे अडाणीपणानं झालं की जाणूनबुजून, ते मी यांना कधी विचारलं नाही. छातीच झाली नाही. दादा कुणाला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांची खाट मागच्या खोलीत, चादरींच्या गठ्ठ्यांशेजारी गेली.

आणीबाणी चालू होती तेव्हाची गोष्ट. मी एम.ए.ला बसले होते आणि वाचलेलं पाठ व्हावं म्हणून दादांना सांगायची. त्यात आर्मेनियाचा एक जुना राजा निघाला. मोठं विचित्र घर त्याचं. हा राज्य सोडून संन्यासी व्हायचा, पुन्हा राज्यावर यायचा. एकदा एका भावाला घेऊन, दूर दिलेल्या बहिणीकडं गेला, तर मागं दुसऱ्या भावानं सिंहासन बळकावलं. ते दोघे परतल्यावर त्या दुसऱ्या भावानं सोबतच्याला गळा आवळून मारलं आणि राजाला कैद करून त्याच्या डोळ्यांना तापलं लोखंड लावलं. मग चौथ्या भावानं त्या भावालाच तुरुंगात टाकलं.

हे सांगून बसले आणि जीभ चावली. दादांनी मात्र पुढचं विचारलं.

"मग त्या राजाचं काय झालं?"

"कैदेत असतानाच एका डोळ्यानं पुन्हा दिसायला लागलं म्हणतात."

"कुणाला सांगितलं त्यानं?"

"पुस्तकात नाही ते."

"सांगितलं नसंल," दादा म्हणाले. "म्होरचं आज नगो."

मग रोज तेवढंच ऐकायचे. डोळा परत आला की थांब म्हणायचे.

दादांची लिंगपूजा चुकत नसे. आमच्यात इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्याच्याकडं टक लावून बसतात. डोळे गेले तरी दादा तसेच बसत, हात नाकासमोर धरून. श्रावणातल्या एका दुपारी सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की हात नाकासमोर नाही. डावीकडं सरकलाय. डाव्या डोळ्याच्या बरोबर पुढं.

काही सुचायच्या आत माझा हात वर गेला आणि मी पदर डोक्यावर ओढला.

दादांची मान हलली नाही. "ऊन लागतंय व्हय गं?" एवढंच म्हणाले. खोलीत ऊन येतच नसे.

त्यांना दिसतंय हे मला कळलं, आणि मला कळलं हे त्यांनाही. आणि मी यांना सांगायचं की नाही? सांगितलं तर हे घाबरून काय करतील याची मला भीती वाटली. नाही सांगितलं तर दादा काय करतील, याची त्याहून जास्त.

रोज सकाळी दादा घरातल्या सगळ्यांच्या कपाळाला विभूती लावत. आधी चाचपून कपाळ शोधत आणि मग तीन बोटं ओढत. त्या दिवशीही मला तसंच लावलं. हे पुढं बसले, डोळे मिटून. या वेळी हात चाचपडला नाही. सरळ आला आणि यांच्या मिटल्या पापण्यांवर तीन बोटं सावकाश ओढली. मग तिथंच थांबली.

"दादा, कपाळ वर राहिलं की," हे हसून म्हणाले.

"चुकलं बाबा," दादा म्हणाले, आणि हात काढला.

त्या दुपारी त्यांनी स्वतःहून विचारलं, "राजानं त्या भावाचं काय केलं?"

मी पदराआडून म्हणाले, "पुन्हा गादीवर आला, तरी त्याच्या डोळ्यांना हात लावला नाही. उरलेल्या दोन्ही भावांना दूर पाठवून दिलं." हे पुस्तकात होतं म्हणून बरं. नसतं तरी मी हेच सांगितलं असतं.

"बरं," दादा म्हणाले.

पंधरवड्यात त्यांनी यांना बोलावून सांगितलं, कुर्डुवाडीला नवं दुकान घाल, हितलं मी बघतो. हे मला म्हणाले, "आंधळा काय बघणार? चार दिवसांत बोलवून घेईल." बोलावणं कधी आलं नाही.

निघताना टांग्यात बसल्यावर मी म्हटलं, दादा दारात उभे आहेत, हात तरी करा.

"त्याला काय दिसतंय?" हे म्हणाले आणि बघितलंसुद्धा नाही.

मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि वाकून दुरूनच नमस्कार केला. दारातल्या दादांनी उजवा हात उचलून मला आशीर्वाद दिला.