थेंबभर असलं तरी

सासूबाई मेथी निवडत मोबाइल बघत होत्या. गावातल्या आशाताईंनी बायकांच्या ग्रुपवर व्हिडिओ पाठवला होता. त्यात एक डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर थेंबभर असलं तरी तपासून घ्या."

सासूबाईंचे हात थांबले. त्यांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सूनबाई, हे मला होतंय गं. दिवाळीपासून."

एका घरात राहून मला पत्ता नव्हता. सासूबाईंना नवऱ्याला, लेकीला, मला जे सांगता आलं नाही, ते एक अनोळखी बाई मोकळेपणानं बोलली म्हणून त्यांच्या ओठांवर आलं. त्या बाईंचं नावही आम्हाला ठाऊक नाही. पण देवापुढे हात जोडताना मला हल्ली त्यांचा चेहरा आठवतो.

तपासणीत कॅन्सरची नुकती सुरुवात निघाली. ऑपरेशन झालं, सासूबाई बऱ्या होऊन घरी आल्या. भेटायला पाहुणे जमले. कुणीतरी विचारलं, "काय झालं होतं?"

"पोटाचं जरा..." मी चाचरले.

"पोटाचं नाही," सासूबाई म्हणाल्या, "गर्भपिशवीचा कॅन्सर होता. वेळेत कळला." समोर दीर, जावई, सगळे बसले होते.