आखाजी होऊ दे, मग सांगू

जीवराम फिल्मा धुवायचा. जळगावच्या आमच्या स्कॅन सेंटरच्या अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली. मी तिथं रजिस्टर सांभाळायचो. जीवराम दहावी नापास माणूस, पण डोक्याच्या हजारो फिल्मा त्याच्या हाताखालून गेलेल्या. पाण्याचा डाग एकाच चौकटीत पडतो, गाठ मात्र लागोपाठ तीन-चार चौकटींत दिसते, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. डॉक्टर म्हणायचे, "उद्या कॉम्प्युटरही असाच फिल्मा पाहून पाहून शिकेल आणि गाठ ओळखेल."

जीवराम हसायचा. "मंग मना पगार त्याले दी टाकशात का, सायेब?"

त्र्याण्णव साली आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या सणाला, त्याची धाकटी बहीण भागाबाई शिंदखेड्याच्या सासरहून माहेरी आली. सहा वर्षांनी सासूनं तिला सणाला पाठवलं होतं. पण रोज सकाळी डोकं धरून ओकायची. म्हणून जीवरामनं तिचा स्कॅन करवून घेतला. फिल्म धुतली, दिव्यापुढे धरली आणि खाली फरशीवर बसला. पाच चौकटींत गाठ होती.

"आजच मुंबई गाठा," डॉक्टरांनी आम्हा दोघांना बजावलं. "आत दाब वाढतोय. डोळे जातील."

बाहेर बाकावर भागाबाई वाट पाहत होती. "भाऊ, काय दखास रे त्यामा?"

"काही नही, बाई. ऊन बाधनं तुले."

आमच्याकडे आखाजीच्या तोंडावर माहेरवाशिणीला वाईट बातमी सांगत नाहीत. जीवरामचा पाय अडखळला तो तिथंच. आणि मी, मोठा शहाणा, त्याला म्हणालो, "सण होऊ दे रे. आठ दिवसांत काय आभाळ कोसळतंय?" ती जीभ आजही हासडावीशी वाटते.

भागाबाईनं हौसेनं बांगड्या भरल्या. गल्लीतल्या निंबाच्या झोक्यावर बसून सगळ्यांच्या वरताण गाणी म्हटली. जीवराम ओट्यावर बसून ऐकत होता.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी आमरसाची पातेली घासता घासता ती थांबली.

"भाऊ, खिडक्या काबर लाई लिध्यात?"

खिडक्या सताड उघड्या होत्या.

त्याच दिवशी आम्ही गाडीत बसलो. मुंबईच्या सर्जननं फिल्म उजेडावर धरली, कोपऱ्यातली तारीख वाचली आणि भडकला. "आठ दिवसांपूर्वीची फिल्म! इतके दिवस काय करत होतात?"

"आखाजी व्हती, सायेब," जीवराम म्हणाला.

भागाबाई त्याचा हात धरून शेजारीच बसली होती.

"भाऊ, तुले माहीत व्हतं?"

तिनं धरलेला हात सोडला.

ऑपरेशन झालं, जीव वाचला, नजर गेली ती गेलीच. सासरच्यांनी तिला परत नेलं नाही. ती जीवरामच्याच घरी राहिली, त्यानं वाढलेलं जेवली, पण त्याच्याशी पुन्हा एक शब्द बोलली नाही.