हळदीच्या डब्यामागची नळी

शोलाकांदीत मोर्शेदाला नावाने हाक मारणारा एकच माणूस होता, तिचा नवरा, आणि तोही सहा वर्षांपूर्वी वारला. उरलेला गाव तिला हागवणआपा म्हणे. त्यात कुणाला वावगं वाटत नसे, तिलाही नाही. मेघनाकाठच्या त्या गावात सव्वीस वर्षं ती दारोदार जाऊन लोकांच्या पोटांची चौकशी करत होती: कितीदा झालं, कसं झालं, तांदळाच्या धुवणासारखं झालं का. जुलाबात भिजवलेली कापसाची काडी नळीतल्या, जंतूला आठवडेच्या आठवडे जिवंत ठेवणाऱ्या मऊ खळीत खुपसायची, झाकण लावायचं, चिठ्ठी डकवायची, ढाक्याच्या प्रयोगशाळेत पाठवायची. हात इतका बसला होता की स्वतःची मुलगी आजारी पडली तेव्हाही तिने आधी नळी भरली, मग रडली.

चिठ्ठी मात्र डकवली नाही. शिउली गाझीपूरच्या कपड्यांच्या कारखान्यातून सुटीवर आली होती, आणि चांदपूरचे लोक तिला पाहायला येणार होते. हागवणआपाच्याच घरात हागवण, हे कळल्यावर त्या घरात पान खायला कोण बसेल? मोर्शेदाने मीठ-गुळाचं पाणी पाजून तीन दिवसांत पोरीला उभं केलं, नळी फडताळात हळदीच्या डब्यामागे सरकवली आणि रजिस्टरात 'निरंक' लिहिलं. सव्वीस वर्षांतली तिची ही पहिली खोटी नोंद.

दहा दिवसांत गावातली सात माणसं आडवी झाली, आणि त्यांच्यामागून एक मूल, घाटाला लागलेल्या बेद्यांच्या होड्यांतलं. बेदे म्हणजे सापवाले, बांगड्यावाले, बारा महिने पाण्यावर. गाव आजारी आणि घाटावर परके, एवढा पुरावा लोकमान मेंबरला पुरला. "शुक्रवारच्या नमाजापर्यंत होड्या हलल्या नाहीत तर जळतील," असं त्याने चहाच्या टपरीवर जाहीर केलं.

मोर्शेदा तशी निर्धास्त होती. ढाक्याचे लोक जंतूची वंशावळ काढतात हे तिला ठाऊक होतं. त्याचे जीन अक्षर-अक्षर वाचायचे, कुठलं अक्षर बदललं ते पाहायचं, की कोण कुणाच्या पोटचं ते कळतं. गावातल्या सात नळ्या गेल्या होत्या. त्या बोलतील, आपण बोलायला नको.

सोमवारी तिचे वरिष्ठ तौफिकसाहेब मोटरसायकलवरून आले, ते तोंड पाडूनच.

"आपा, सातही मेले."

"कोण? माणसं?"

"माणसं बरी आहेत. जंतू मेले. आरोग्य केंद्रातल्या नव्या डॉक्टरने तिथे घेतलेल्या नळ्या बर्फात ठेवल्या. लशीसारख्या. फार काळजीने."

"अहो, पटकीचा जंतू थंडीत मरतो!"

"मला काय सांगता? शेजारीच त्याचा इलिश मासा ठेवला होता. तो मात्र अजून ताजा आहे."

"मग पुन्हा घेऊ नमुने."

"सगळ्यांना जंतूनाशक गोळ्या दिल्यात, आता नळीत काही उगवायचं नाही. जिवंत एकच, तुम्ही स्वतः घेऊन बर्फाविना पाठवलेली, होडीतल्या मुलाची." त्यांनी आवाज खाली आणला. "अहवालात तेच लिहावं लागेल. कॉलरा सापडला तो फक्त होडीत."

मेंबरकडे रॉकेल होतं. काडेपेटी आता शिक्क्यानिशी मिळणार होती.

मोर्शेदा घरात गेली. शिउली तांदूळ निवडत होती. आईचा हात फडताळाकडे गेलेला पाहून ती म्हणाली, "मा, ती नको."

"कोणती?"

"मी काय आंधळी आहे? हळदीमागची. शुक्रवारी चांदपूरचे येणारेत."

"होड्याही शुक्रवारीच जाळायच्यात."

बाहेर मोटरसायकलला किक बसली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन धरलं. शिउलीने सूप खाली ठेवलं. "मग बघत काय उभी राहिलीस? तो निघाला!"

मोर्शेदाने धावता-धावता चिठ्ठी लिहिली: नाव, वय, तारीख. तौफिकसाहेबांनी सवयीने बर्फाची पेटी उघडली.

"त्यात घालाल तर हात मोडीन."

त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "आपा, या तारखेला रजिस्टरात तर निरंक आहे."

"रजिस्टर खोटं आहे. नळी खरी आहे. निघा."

गुरुवार फोनविना गेला. शुक्रवारी सकाळी घाटावर रॉकेलचे चार कॅन ओळीने मांडलेले होते, आणि बेदे होड्यांत बसून त्यांच्याकडे बघत होते. पळून जायला त्यांना वेळ होता; दोन होड्या मात्र बुडाला डांबर लावायला काठावर ओढलेल्या होत्या, आणि त्यांना टाकून बाकीचे निघेनात. साडेअकराला फोन वाजला. मोर्शेदाने तो मेंबरच्या तोंडापुढे धरला.

"सोप्या भाषेत सांगा," मेंबर म्हणाला.

"शिउलीचा जंतू गाझीपूरच्या रुग्णांशी जुळतो," तौफिकसाहेबांचा आवाज आला. "होडीतल्या मुलाचा जंतू तोच, वर दोन नवे बदल. म्हणजे तो गावातल्या जंतूच्या पोटचा. लेक आईच्या आधी जन्मत नाही, मेंबरसाहेब."

मेंबरने कॅनांकडे पाहिलं, मग मोर्शेदाकडे. "मग काय, आता हागवणआपाला गावाबाहेर काढायचं?"

"काढा की!" होडीतून त्या मुलाची आजी कोहिनूर ओरडली. "आमच्याकडे जागा आहे. फक्त रोज सकाळी कितीदा झालं विचारायचं नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. नमाजाला उशीर होतोय, हे मेंबरला एकदम आठवलं. कॅन कुणी नेले ते कुणीच पाहिलं नाही.

चांदपूरचे पाहुणे आले नाहीत. निरोपही आला नाही. मांडून ठेवलेली पानं संध्याकाळपर्यंत कडेने काळी पडली. मग मोर्शेदाने रजिस्टर काढलं, 'निरंक'वर आडवी रेघ मारली, शिउलीला समोर बसवलं आणि पेन उघडलं.

"हं. कितीदा झालं होतं?"