स्वतः बोलणारा नायक
तापलेल्या कॉम्प्युटरचा धुळकट वास आला की भोरच्या घरातली मागची खोली आठवते. माझा मुलगा नोकरीवरून आला की तिथे एक गेम खेळायचा. त्यातला नायक मुकाच असे. पडद्यावरच्या उत्तरांतलं एक खेळणाऱ्यानं निवडायचं, तोवर राजासुद्धा ताटकळत उभा. मुलगा लहानपणापासून अडखळत बोले. पुढे मित्रानं नवी सीडी दिली, तिच्यातला नायक खणखणीत आवाजात आपणच बोलायचा. मुलानं ती लगेच परत केली. "हा ब-बोलतो तो मी न-नाही, बाबा." मी हसलो, "बरंय की, तुझं काम वाचलं!" त्याच उन्हाळ्यात नसरापूरला मुलगी पाहायला गेलो. अडखळला तर स्थळ जाईल, म्हणून मी त्याला तोंड मिटून बसायला बजावलं होतं. शिक्षण, नोकरी, सगळं मीच सांगितलं. मुलीनं त्यालाच विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?" त्याचे ओठ हलले. ती शांतपणे वाट पाहत होती. "त्याला होय? गेम!" मी बोलून गेलो. सगळे हसले, ती सोडून. निघताना तिच्या मामांनी मला बाजूला घेतलं, "पाव्हणं, पोरगं मुकं हाय का वो?" मुलीकडून नकार आला. घरी मी सांगितलं, यालाच मुलगी पसंत पडली नाही. त्याच्या आत्यानं त्याला नाही नाही ते ऐकवलं. तो खाली मान घालून जेवत राहिला. पुढे त्याचं लग्न झालंच नाही. नातेवाईक अजून त्याच्याच नखऱ्यांना दोष देतात, म्हणून लिहितो: त्याला ती आवडली होती. परतीच्या एसटीत, कापूरहोळ येईपर्यंत अडखळत, त्यानं तेवढंच मला सांगितलं होतं.