खिंडीतली रास

"दगड टाक, मंग बोल."

हे माझ्या वाटाड्याचं वाक्य. म्हणायच्या आधी तो कुऱ्हाडीचा दांडा छातीवर आडवा धरायचा, म्हणजे तुमची वाट अडली. मग वाकून एक दगड उचलायचा, तुमच्या तळहातावर ठेवायचा आणि समोरच्या राशीकडे हनुवटी उडवायचा. तुम्ही साहेब असा नाहीतर मोजणीची साखळी ओढणारा गडी असा, दगड टाकल्याशिवाय पुढे पाऊल नाही.

राज्यांची फेररचना झाली त्या सुमाराची ही गोष्ट. शिरपूरच्या उत्तरेला सातपुड्याच्या माथ्यावरून मुंबई राज्याची आणि मध्य प्रदेशाची हद्द जायची. त्या हद्दीवर जंगलखात्याचे जुने दगडी बुरूज होते, कमरेइतके उंच. ते शोधायचे, ढासळले असतील तर पुन्हा रचायचे, चुना फासून नंबर घालायचा, हे माझं काम. मी सावद्याचा, केळीच्या बागेत वाढलेला. आमच्या गच्चीवरून सातपुडा निळा दिसायचा, तेवढीच त्याची-माझी ओळख. वाटाड्या पाहिजे म्हणून पायथ्याच्या गावात चौकशी केली, तर जो तो याचंच नाव सांगायचा आणि लगेच आवाज खाली आणायचा, "पन जपीसन, भाऊसाहेब. खून करेल शे त्यानी."

वाट दुसऱ्या कोणाला माहीत नव्हती, म्हणून घेतला. पन्नाशीचा, काटक माणूस. डावा कान अर्धाच. सगळे त्याला आबा म्हणत, मीही म्हणू लागलो. पहिल्याच चढाला मी धापा टाकत खाली बसलो तेव्हा त्यानं मला नीट न्याहाळलं आणि गड्यांना म्हणाला, "केळीनं खोड शे हाई. आंगमा बठ्ठं पानी."

तुम्ही-आम्ही डोंगरातल्या खुणा सांगतो त्या झाडाच्या, धबधब्याच्या, सुळक्याच्या. आबाच्या खुणा म्हणजे मेलेली माणसं. वाटेवर कोणी अकाली मेलं की त्या जागी दगडांची रास करायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं तिच्यावर एकेक दगड टाकायचा, अशी तिकडची रीत. कुंडापाशी रास होती ती मध काढणाऱ्याची. अस्वलानं त्याचा चेहरा काढून घेतला होता. दोन फांद्यांच्या अंजनाखाली एक गाडीवान. त्याच्याच बैलानं त्याला झाडाला दाबून पोटात शिंग घातलं होतं. कड्यावरची रास एका बाईची. नवऱ्यानं तिला ढकललं आणि त्या झटक्यात स्वतःही खाली गेला.

"दोघांना एकच रास का, आबा?"

"एकलीनी शे ती. त्यानी ढकलं व्हतं. तो खाले पडेल शे, तठेच ऱ्हाऊ दे."

मी एकदा वैतागून विचारलं, या डोंगरात तापाखोकल्यानं कोणी मरतच नाही का? तो शांतपणे म्हणाला, "मरस ना. पन घरमा."

त्याच्या हाताचा वेग मी बाराव्या-तेराव्या दिवशी पाहिला. पलीकडच्या राज्यातले दोन सागचोर खांद्यावर तुळई घेऊन समोरून आले. आबानं एक शब्द विचारला नाही. दांडा फिरवला तो पहिल्याच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मला वीस पावलांवरून ऐकू आला. तुळई पडली, तिच्यासकट तो माणूस पडला. दुसऱ्यानं कोयता काढला तेव्हा आबानं कुऱ्हाडीचं पातं सुलटं केलं आणि त्याच्या खांद्यातून इतकं रक्त काढलं की तो दरीच्या बाजूला पळत सुटला तो दिसेनासा झाला. 

मग हाच आबा त्या मोडक्या मनगटापाशी मांडी घालून बसला. बांबूच्या कामट्या लावल्या, आपल्या पागोट्याची पट्टी फाडून हात बांधला, आपल्यातली अर्धी भाकरी त्याच्यापुढे ठेवली. तो भाकरीवर थुंकला आणि म्हणाला, "देख लूंगा तेरे को." आबानं भाकरी पुसून परत बांधून ठेवली. "देख ना," म्हणाला. मला त्या दिवशी तो माणूस कळला असं वाटलं. काय कळलं होतं कपाळ!

पुढे दोन दिवसांनी आम्ही खिंडीत आलो. हद्द बरोबर त्या खिंडीतून जाते. तिथे एक मोठी रास होती, चांगल्या ठसठशीत दगडांची. आबानं आम्हा सगळ्यांना दगड दिले, आम्ही ते टाकले. तो स्वतः मात्र रिकाम्या हातानं, मान खाली घालून पुढे गेला. मला चेष्टा सुचली. मी हात आडवा करून म्हणालो, "आबा, दगड टाक, मंग बोल."

तो थांबला. वळून माझ्याकडे बघत म्हणाला, "तो मना धाकला भाऊ शे. मी मारा त्याले."

सगळं त्यानंच सांगितलं, काही न लपवता. तो जंगलखात्याचा राखणदार, धाकटा सागचोरांना मिळालेला. या खिंडीत दोघे समोरासमोर आले. धाकट्याच्या कुऱ्हाडीनं याचा कान गेला, याच्या कुऱ्हाडीनं त्याची मान. प्रेत खांद्यावर घेऊन तोच खाली उतरला, आईच्या दारात ठेवलं आणि चालत पोलिसांकडे गेला. सहा वर्षं तुरुंगात होता.

आता त्या रिवाजातली खरी गाठ ऐका. ज्याच्या हातून माणूस मेला, त्याला त्या राशीला हात लावायचा हक्क नाही. मेलेल्याच्या आईनं आपल्या घरातला दगड त्याच्यासाठी दिला तरच तो टाकता येतो. तो टाकला की मेलेल्यानं माफ केलं असं धरतात. डोंगरात असे खून आणखी झाले होते, आणि वर्षा-दोन वर्षांत आयांनी दगड दिलेही होते. पण इथे मारणाऱ्याची आणि मेलेल्याची आई एकच. सुटून आल्यापासून आठ वर्षं तो तिच्या हातची भाकरी खात होता. ती वाढायची. दगड देत नव्हती.

"मग मागा ना तुम्ही," मी म्हणालो.

"मांगाना नही ऱ्हास तो," तो म्हणाला. "मी वाट देखस. माय जिती शे तवलग."

एवढं कळल्यावर मी शहाण्यासारखं वागायला हवं होतं की नाही, तुम्हीच सांगा. पण माझ्यात अक्कल कमी आणि घाई जास्त. खिंडीतला बुरूज पार ढासळला होता, त्याचे दगड दरीत गेलेले. आबा घागर घेऊन झऱ्यावर गेला होता. ऊन मी म्हणत होतं. तीस पावलांवर ती रास, हाताशी आयते दगड. मी स्वतःशीच म्हणालो, दगडाला काय नाव असतं? नंतर दुसरे आणून टाकू. गडी कां-कूं करत होते, त्यांना मीच दरडावलं. तासाभरात बुरूज उभा राहिला. चुना फासला. नंबर घातला. रास निम्मी झाली होती.

घागर फुटल्याचा आवाज आला म्हणून मी मागे पाहिलं. तेवढंच पाहिलं. दांडा जबड्यावर बसला आणि माझे दोन दात माझ्याच घशाशी गेले. पडलो तशा बरगडीत लाथा बसल्या. गडी पळाले. तो माझ्या छातीवर पाय देऊन उभा होता आणि कुऱ्हाडीचं पातं माझ्या मानेवर होतं. मी रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

"फोड," तो म्हणाला. "बुरूज फोड. एकेक दगड जठेना तठे ठेव."

त्याला स्वतःला हात लावता येत नव्हता ना! म्हणून मी फोडला. उन्हं कलेपर्यंत मी दगड वाहिले, तोंडातलं रक्त त्यांच्यावर सांडत होतं, चुन्यानं हाताची सालटी निघाली. तो माझ्या डोक्यावर कुऱ्हाड घेऊन उभा. एकदा राशीवरून एक दगड निसटला आणि गडगडत थेट त्याच्या पायाशी आला. एवढा दांडगा माणूस, निखारा पडल्यासारखा मागे उडाला. दोन्ही हात पाठीमागे घेतले. आणि अगदी वेगळ्या, बारीक आवाजात म्हणाला, "भाऊसाहेब, तेवढा उचला ना."

मी उचलला.

दुसऱ्या दिवशी पळालेले गडीच मला गावात घेऊन आले. आबा वरच राहिला. माझा जबडा भोपळ्याएवढा सुजला होता. पोलिसांत जाण्याऐवजी मी कुठे गेलो असेन? त्याच्या आईकडे. शाळेतली पोरं जातात तशी तक्रार घेऊन. ती ओसरीवर तूर पाखडत होती. वाळून काडी झालेली, पण डोळे धड.

"अक्का, बघा, तुमच्या पोरानं काय केलं!"

तिनं सूप खाली ठेवलं. "कसाकरता मारं?"

मी सांगितलं. राशीचे दगड घेतल्यावरून.

 मग तिनं पुन्हा विचारलं, जसं काही नीट ऐकलंच नव्हतं, "धाकलाकरता मारं?"

"हो."

ती उठली. पाण्याच्या रांजणाला तीन दगडांची टेकण होती. तिनं एका हातानं रांजण तोलून धरला, दुसऱ्या हातानं त्यातला एक दगड ओढला. रांजण कलंडला आणि घरभर पाणी झालं, तिकडे तिनं बघितलंही नाही. दगड पदरानं पुसला, माझ्या हातात दिला. "तो वरथीन कवय उतरी काय माहीत. तू त्याले देजो," म्हणाली. आणि मग मोठ्यानं रडली. दोघांसाठी एकदमच रडत असावी.

चार कोसांवर तो होता. एका गड्याच्या हाती दगड पाठवला असता तरी संध्याकाळी त्याला मिळाला असता. मी पाठवला नाही. माझा जबडा ठणकत होता, आणि मला वाटलं, आठ वर्षं थांबलाय, राहू दे आणखी पावसाळ्याचे चार महिने. दात माझे गेलेत. अहवालात मी 'कड्यावरून पडून इजा' असं लिहिलं आणि हाच त्याच्यावर मोठा उपकार झाला असं ठरवून टाकलं. दगड पिशवीत घालून सावद्याला आलो. पिशवी पावसाळाभर खुंटीवर होती. जबडा बरा झाला, राग ओसरला, तरी तिकडे जावंसं वाटलं नाही. कामच दिवाळीनंतर आहे, तेव्हा देऊ, असं म्हणत राहिलो.

दिवाळीनंतर गेलो. गावाच्या वेशीवरच कळलं. भादव्यात सागचोर आले होते. मनगट मोडलेला तो आणि त्याच्याबरोबर दोघे. आबा त्या दिवसापासून खाली उतरलाच नव्हता; एकटा होता, खिंडीतच. अंगावर कुऱ्हाडीचे सात घाव, सगळे पुढून.

अक्का त्याच ओसरीवर होती. रांजण दोन दगडांवर तिरका, भिंतीला टेकवलेला. तिनं मला ओळखलं. त्यानं दगड टाकला का, एवढंच विचारलं.

"दगड टाका ना त्यानी?"

पिशवी माझ्या खांद्यावर होती. दगड पाठीला टोचत होता.

"टाका, अक्का," मी तिच्याच बोलीत म्हणालो. "मना देखत टाका."

तिनं मान हलवली. "बरं व्हयनं," म्हणाली आणि आत गेली.

आयुष्यात मी खोटं पुष्कळ बोललो, पण त्या एका खोट्याचं ओझं अजून उतरलेलं नाही. मी तसाच डोंगर चढलो. खिंडीत आता दोन राशी होत्या, दहा पावलांच्या अंतरानं. धाकट्याची मोठी, तिच्यात मधेमधे माझ्या चुन्याचे पांढरे दगड. थोरल्याची अगदी लहान. लोक त्याला जिवंतपणी भ्यायचे, मेल्यावरही भीत असावेत. दगड त्याच्या हातून भावाच्या राशीवर पडायचा होता. पण तो दिलेला त्याला होता. म्हणून मी तो त्याच्याच राशीवर ठेवला.

दगड टाकला. बोलायला मात्र तोंड उघडलं नाही.