इंग्रजीत राहिलेली ओळ

संगणकावर प्रोग्रॅम चढवायला आणि उतरवायला एक वेगळा प्रोग्रॅम असतो. त्यात चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा. हुकूम आठवला नाही तर मदत मागायची. कुठला हुकूम काय करतो ते ओळीओळीने समोर येतं. हा मदतीचा मजकूर मी मराठीत आणला. मला कोणी सांगितलं नव्हतं. मला राग आला होता, एवढंच. मालवणात आमच्या मच्छीमार संघटनेचं ऑफिस आहे, तिथला संगणक एक वयनी सांभाळते. सकाळी मासळी विकते, दुपारी ऑफिस उघडते. मराठी शाळेत दहावी झालेली. इंग्रजी येईपर्यंत तिने संगणकाला हात लावायचा नाही, हा कुठला न्याय?

त्या दुपारी मी बांद्याच्या बाजारात पत्रकं वाटत होतो. आमच्या किनाऱ्याचा एक पट्टा हॉटेलवाल्याला द्यायचा घाट होता आणि कागदावर तो पट्टा 'रिकामा' दाखवला होता. जनसुनावणी तोंडावर आली होती. तेवढ्यात वयनीचा फोन आला.

"अरे, संगणकात जागा नाय म्हणता. सुनावणीचा निवेदन सेव्ह होणा नाय."

"थांब वयनी, काय काढू नको."

"तो रेकॉर्डिंगचो प्रोग्रॅम काढतंय. काम झाला ना त्येचा? तुझीच मदत वाचून करतंय. घाबरू नको."

आणि फोन कटला. परत लावला तर बंद. तिच्या फोनची बॅटरी कायम मरणपंथाला लागलेली असते.

 त्या प्रोग्रॅमच्या पोटातच सगळी रेकॉर्डिंग होती. त्यात एका म्हाताऱ्या तांडेलाचा, होडीवरच्या म्होरक्याचा, आवाज होता. त्या पट्ट्यावर रापणीचं जाळं कुठून टाकायचे, किनाऱ्यावर कुठे ओढायचे, कुणाच्या होड्या कुठे लागायच्या, सगळं त्याने बसून सांगितलं होतं. जागा रिकामी नाही हे सांगणारा एवढा एकच माणूस आमच्याकडे होता, आणि रेकॉर्डिंगनंतर तो गेला. दुसरी प्रत नव्हती. आमच्यात प्रती पत्रकाच्या काढतात.

नुसता काढण्याचा हुकूम दिला तर साठवलेलं शिल्लक राहतं. पण खाली 'पूर्ण काढा' असा दुसरा हुकूम आहे आणि जागा हवी असलेला माणूस तोच उचलणार. त्याच्यापुढे सूचना आहे: साठवलेली माहितीही पुसली जाईल, ती परत मिळणार नाही. ती सूचना मी मराठीत लिहिली होती. पण मूळ इंग्रजी वाक्यात कुणी एक शब्द जरी बदलला, तरी आमचं मराठी वाक्य बाजूला पडतं आणि नवं मंजूर होईपर्यंत तिथे इंग्रजी दिसतं. तसंच झालं होतं. नवं वाक्य मी पाठवलं होतं. मंजुरी देणारे कुठल्या तरी लांबच्या शहरात असतात, त्यांना वेळ नव्हता. म्हणजे वयनीच्या पडद्यावर सगळं मराठी आणि नेमकी धोक्याची ओळ इंग्रजी. यापेक्षा सगळंच इंग्रजी असतं तर तिने हात तरी लावला नसता.

कुणाला तरी ऑफिसात पाठवावं म्हटलं, तर दुपारी मालवणात दुकानं बंद. शेजारच्या शिंप्याने फोन उचलला नाही. मिळेल ती एस्टी पकडली. वाटेत वयनीचा फोन लावत राहिलो, बंदच. कुडाळ सुटल्यावर मी सीटवरून उठून दाराशी जाऊन उभा राहिलो.

"उबो रवलस म्हणान गाडी लवकर पोचणा नाय," कंडक्टर म्हणाला. "बस रे."

बसलो. सुनावणीत काय सांगायचं ते मनात जुळवत होतो आणि प्रत्येक वेळी आमच्या बाजूला नुसता आरडाओरडा उरत होता.

ऑफिसात वयनी लालबुंद होऊन बसली होती. फोन चार्जिंगला लावून नुकताच चालू झालेला.

"इलस? तुझ्या ह्या मराठीक काय अक्कल आसा? खात्री आसा काय, हो की नाही, असा विचारता. मी 'हो' लिवलंय, तर म्हणता रद्द. परत लिवलंय, परत रद्द. दोनदा 'हो हो' लिवलंय, तरी ऐकणा नाय. आता भावाशीक विचारलंय. तो म्हणता, इंग्लिश वाय दाब." तिचं बोट त्या अक्षरावर होतं. "दाबू?"

"वयनी, हात काढ."

"काय झाला?"

"आधी हात काढ."

पडद्यावर प्रश्न उघडा होता. प्रश्न मराठीत, पण आतला प्रोग्रॅम फक्त इंग्रजी अक्षर ओळखतो. बाकी काहीही लिहिलं तरी तो त्याचा अर्थ 'नाही' असाच धरतो. मी तो बंद केला आणि आधी रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर उतरवली. तांडेलाची लावून बघितली. म्हातारा खोकला आणि बोलायला लागला.

मग मी मदतीतली ती इंग्रजी ओळ दाखवली. "ह्या वाचलंस नाय?"

"कित्या वाचू? औषधाच्या खोक्यार आसता, बिलाच्या पाठी आसता. इंग्लिश ता त्येंचा त्येंका, मराठी ता आमका. कामाचा असता तर तू मराठीत लिवलंच नसतंस?"

 त्या ओळीचा अर्थ सांगितला. 

"म्हंजे माझा 'हो' ऐकला असता तर..."

तिने खुर्ची मागे घेतली.

मराठी 'हो' चालत नाही म्हणून त्या मंजुरीवाल्यांशी सगळ्यात जास्त भांडलो होतो मीच. आमचा होकार होकार नाही काय, असलं पत्रकी वाक्यही ठोकून दिलं होतं. ती दुरुस्ती मंजूर झाली आहे, पुढच्या आवृत्तीत येणार. सूचनेचं वाक्य मात्र अजून पडून आहे. 'हो' आधी चालू झालं आणि ती ओळ इंग्रजीतच राहिली तर? मी लगेच लिहून कळवलं: सूचना मराठीत येईपर्यंत 'हो' थांबवा. लिहिताना लाज वाटली, पण भीती जास्त होती.

उत्तर आलेलं नाही. संगणकावरून काही काढायचं असलं की वयनी आता मला शेजारी बसवते. बाकी ज्यांनी ज्यांनी माझं मराठी उघडलं असेल, त्यांच्या शेजारी कोण बसलंय ते मला माहीत नाही.